मोहरीलांच्या चौकटीवरची मुलं

शेजारच्या घरात नवीन आलेलं डच जोडपं परवा मला विचारत होतं, की आधीच्या भाडेकरूंना मुलं किती होती. मी म्हटलं, एक. दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग मला आत नेऊन त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराची चौकट दाखवली. कमरेपासून पार वरपर्यंत पेन्सिलीच्या रेघा आणि प्रत्येक रेघेशेजारी एक नाव. अथर्व, मैथिली, ओजस, सानिका, पुन्हा अथर्व, पुन्हा सानिका. त्यांना चौकट रंगवायची होती, पण एवढ्या मुलांच्या आठवणींवर ब्रश फिरवायला बिचाऱ्यांचा हात धजत नव्हता.

"खुशाल रंगवा," मी म्हटलं.

त्या रेघा दिगंबर मोहरीलांच्या. कोच मोहरील. ही पदवी त्यांना कुणी दिली नव्हती, त्यांनीच ती घेतली आणि मग आम्हा सगळ्यांना वापरायला लावली. पोटापाण्यासाठी ते आइंडहोवनच्या एका कंपनीत मशिनचे सुटे भाग मागवायच्या विभागात होते. पण मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी "आपण काय करता?" असं विचारलं, की ते मान किंचित तिरकी करून सांगत, "मुलं घडवतो." त्यांचा स्वतःचा मुलगा निनाद बुद्धिबळात रमायचा आणि उंचीत बापावर गेला होता. त्याचं नाव मात्र त्या चौकटीवर कुठेही नाही. मी त्या दिवशी मुद्दाम शोधलं.

मोहरीलांची नजर कुणाच्याही मुलाच्या चेहऱ्यावर थांबत नसे. ती थेट टाळूवर जाई. मग आईची उंची, वडिलांची उंची, बुटाचा नंबर आणि शेवटी हमखास, "मामा किती उंच?" मामाच्या उंचीवर त्यांचा फार विश्वास होता. मामा सहा फुटी निघाला की खिशातून पोलादी टेप बाहेर यायची आणि ते पोर, हातात श्रीखंडाची वाटी असली तरी, भिंतीला पाठ लावून उभं केलं जायचं. "उंची वाया घालवू नका हो," असं ते आईबापांना इतक्या कळवळून सांगत, की जणू त्यांनी पोराचं जेवणच बंद केलंय.

गळ्यात शिट्टी कायम. सुपरमार्केटमध्ये शिट्टी, डॉक्टरकडे शिट्टी. एका गणपतीत आरतीनंतर प्रसादाला झुंबड उडाली, तेव्हा त्यांनी ती खरोखरच फुंकली. हॉलमधली सगळी मराठी माणसं जागच्या जागी थांबली आणि हॉलचा डच रखवालदार आग लागली समजून धावत आला. मोहरील खूश. "शिस्त लागते शिस्त," ते म्हणाले आणि रांगेत स्वतः पहिले उभे राहिले.

ते अमरावतीचे. "विद्यापीठाकडून खेळलोय" असं सांगत. खेळले असतीलही. त्यांच्याशेजारी मी सहा वर्षं राहिले, पण त्यांच्या हातात बास्केटबॉल कधी पाहिला नाही. ते बुटके होते म्हणून मी हे म्हणत नाही, मीही तेवढीच आहे.

अमेरिकेतली कॉलेजं जगभरातून खेळाडू हेरतात, शिष्यवृत्ती देऊन घेऊन जातात, हे त्यांना कुठून तरी कळलं आणि ते पेटले. मोठ्या, चार वर्षांच्या विद्यापीठांकडून काही उत्तर येईना, तेव्हा त्यांनी दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजांकडे मोर्चा वळवला. तिथे दोन वर्षं चांगलं खेळलं की मोठ्या विद्यापीठात जाता येतं, असा तो रस्ता. आमच्याकडे ज्युनिअर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी, त्यामुळे अर्धे पालक म्हणायचे, पोराने इथली शाळा संपवली, आता परत अकरावीत कशाला बसवायचं? मोहरील हसून म्हणायचे, "अमेरिका बघतेय, भाऊ. तुम्ही अकरावी काय घेऊन बसलात."

अमेरिका अजिबात बघत नव्हती. बघण्यासारखं होतं ते एकच, आणि ते आमच्या गल्लीच्या टोकाला राहत होतं.

सानिका गजभिये. प्रशांत आणि मेघनाची थोरली. प्रशांत सॉफ्टवेअरमध्ये, मेघना औषधांच्या दुकानात. सानिका इथेच वाढलेली, मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत किंवा डचमध्ये द्यायची, आणि फारच मनातलं असलं तर मोडक्या मराठीत. सहा फुटांना जरासं कमी. इथल्या मुलींत ती उंची म्हणजे काही विशेष नाही, तिच्या संघात तिच्याहून उंच दोघी होत्या. पण सानिकाचा खेळ वेगळा होता. ती बास्केट फार करत नसे. ती दुसऱ्याला करू देत नसे. अंगावर येणाऱ्या मुलीसमोर हात पसरून अशी उभी राहायची, की त्या मुलीला घरी जावंसं वाटावं. चेंडूसाठी जमिनीवर झोकून द्यायची, गुडघे कायम सोललेले, आणि तोंडाने अखंड आरडाओरडा.

मला हे ठाऊक आहे, कारण तिचे सामने मीच फोनवर टिपायचे. शनिवारी मेघनाला दुकानात जावं लागे. तिने मला पहिल्याच वेळी सांगितलं होतं, "ताई, सगळं घ्या हं. मध्ये बंद करू नका. ती बाकावर बसलेली असली तरी चालेल." रात्री जेवणं झाली की नवराबायको तो अख्खा सामना टीव्हीवर लावून बघत. बाकावर बसलेली लेकसुद्धा.

आणि या मुलीला अमेरिकेत जाऊन खेळायचं होतं. दुसरं काही नको होतं. आईबापांनी अट घातली होती, की कॉलेजने सगळा खर्च उचलला तरच, नाहीतर सप्टेंबरपासून ब्रेडा शहरातल्या कॉलेजात लॉजिस्टिक्स. तिथला प्रवेश होऊन गेला होता. लॉजिस्टिक्स हा शब्द उच्चारताना सानिकाचं तोंड कारलं चावल्यासारखं व्हायचं.

मोहरील गजभियांच्या घरी प्रथम गेले तेव्हा मी तिथेच होते. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे पाहून त्यांनी आपण किती मोकळ्या विचारांचे आहोत, हे कुणीही न विचारता सांगितलं. मग चहा घेता घेता म्हणाले, "अमेरिकेला पाठवताना नुसतं 'सानिका जी.' लिहू. सुटसुटीत. त्या लोकांना आडनावं जड जातात."

"तुमचं काय लिहिणार?" मेघनाने विचारलं.

"माझं? मोहरील. काहून?"

"मग तिचंही पूर्ण लिहा," मेघना म्हणाली आणि बिस्किटांची बशी उचलून आत घेऊन गेली. मोहरीलांचा हात तोवर दुसऱ्या बिस्किटाकडे निघाला होता.

त्यांनी सानिकाची जी माहिती तयार केली, ती मी पाहिली आहे. लग्नाच्या बायोडेटाच्या पलीकडे त्यांची धाव जातच नव्हती. उंची वरच, ठळक. मग वर्ण गव्हाळ. मग वडिलांचं शिक्षण, आईचं शिक्षण, धाकटा भाऊ शिकत आहे. मामा सहा फूट एक. स्वभाव: शांत, मनमिळाऊ, आज्ञाधारक. ती कुठल्या जागेवर खेळते हे लिहायचं राहूनच गेलं होतं.

त्या बायोडेटासोबतचा व्हिडिओ तर विचारू नका. माझ्याकडून त्यांनी मोसमातले सामने मागून घेतले आणि चार मिनिटांची फीत केली. सानिका बास्केट करते. सानिका बास्केट करते. सानिका बास्केट करते. मागे ढोलताशा. तिने अडवलेल्या मुली, हिसकावलेले चेंडू, जमिनीवरच्या उड्या, सगळं कापलेलं. मी विचारलं, अहो, ती ज्यात चांगली आहे तेवढंच नेमकं काढून टाकलंत की. तर म्हणाले, "ताई, मार्कशीट दाखवताना आपण वह्या दाखवतो का?"

अनेक कॉलेजांकडून काहीच आलं नाही. एका कॉलेजातून, अमेरिकेच्या मध्यावरच्या कुठल्याशा लहान गावातून, एका सहायक प्रशिक्षक बाईंचं उत्तर आलं, की मुलगी लक्षवेधी वाटते, एक पूर्ण सामना पाठवा. तो पत्ता मोहरीलांनी शोधला होता. ते नसते, तर त्या बाईंपर्यंत कुणी पोचलं नसतं. हे मला मान्य करावं लागतं आणि माझ्या जिवावर येतं.

पण पूर्ण सामना मागितल्याचा त्यांना राग आला. "म्हणजे आपल्या शब्दावर विश्वास नाही." त्यांनी सामना पाठवलाच नाही. उलट बाईंना कळवलं, की प्रत्यक्षच या. आणि योग असा, की बाई कसल्याशा स्पर्धेसाठी युरोपात येतच होत्या. अ‍ॅमस्टरडॅमला एक दिवस मोकळा होता. त्याच दिवशी सानिकाच्या संघाचा अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडओस्ट भागात सामना होता.

मोहरीलांनी त्याचा पाहण्याचा कार्यक्रम केला.

आदल्या संध्याकाळी ते गजभियांकडे सूचना द्यायला आले. मेघनाने साडी नेसावी. प्रशांतने कोट घालावा. मंडळातली पंचवीस-तीस माणसं येतील, समाज पाठीशी आहे हे दिसलं पाहिजे. मग सानिकाकडे वळले. "उद्या ओरडायचं नाही. कुणाला धक्का द्यायचा नाही, एकही फाऊल नको. पडायचं नाही, बरं दिसत नाही ते. चेंडू आला की बास्केटकडे टाकायचा. आणि हसायचं, बेटा. त्या बाई तुलाच बघायला येतायत."

सानिका आईकडे बघायला लागली. मेघनाच्या कपाळाला आठी पडली होती. पण त्या बाईंशी ओळख फक्त या माणसाची होती, आणि एवढी एकच संधी होती. लेकीसाठी माणूस कुणाकुणाचं ऐकून घेतो. दुसऱ्या दिवशी मेघना जीन्समध्ये आली, एवढाच काय तो तिचा विरोध.

सानिकाने मात्र सगळं ऐकलं. तिला जायचंच होतं ना.

क्रीडागृहात मी कोपऱ्यात फोन लावून उभी होते. प्रेक्षकांत एका बाजूला समोरच्या संघातल्या सुरिनामी मुलींचे आईबाप, दुसऱ्या बाजूला आमचं मंडळ. मागे टेबलावर पोह्यांची पातेली, वर खोबरं-कोथिंबीर, लिंबाच्या फोडी वेगळ्या. अमेरिकन बाई ट्रॅक पँट आणि टोपी घालून आल्या, साधी, दणकट बाई. मोहरीलांनी त्यांना मधोमध बसवलं आणि शेजारी स्वतः बसले.

मी सानिकाचे खूप सामने पाहिले आहेत. असा कधी पाहिला नाही. समोरची मुलगी चेंडू घेऊन आली की सानिका बाजूला व्हायची, पाहुण्यांना वाट द्यावी तशी. चेंडू हातात आला की लांबून टाकायची आणि तो कडेला आपटून परत यायचा. तोंडावर हसू. ते हसू बघून मला फोन बंद करून टाकावासा वाटला. तिच्या डच मैत्रिणी तिच्याकडे बघत होत्या, हिला आज झालंय काय. एकदा चेंडू तिच्या समोरून घरंगळत बाहेर निघाला. एरवी तिने अंग टाकलं असतं. ती दोन पावलं धावली, थांबली आणि तिने मोहरीलांकडे पाहिलं. मोहरीलांनी मान डोलावली. शाब्बास.

सामना संपल्यावर पोहे वाटले गेले. सुरिनामी मुलींनीही मागून मागून खाल्ले, त्या दिवशीची ती एकच चांगली गोष्ट. बाईंनी मोहरीलांना विचारलं, "ही नेहमी एवढी सौम्य खेळते का?"

"नेहमी!" मोहरील उजळून म्हणाले. "कधी उलट बोलणार नाही, कुणाला बोट लावणार नाही. फार गुणी मुलगी. घरचे संस्कार."

बाईंनी पोह्यांवर लिंबू पिळलं, दोन घास खाल्ले, छान आहेत म्हणाल्या. जाताना मेघनाशी हात मिळवला आणि म्हणाल्या, "आम्ही कळवतो."

तिथे जमलेल्या बायकांत अशा कितीतरी होत्या, ज्यांनी लग्नाआधी पोह्यांचे ट्रे उचलले होते. 'कळवतो' म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. सगळ्या एकदम रिकाम्या बशा गोळा करायला लागल्या. मोहरील तेवढे हात चोळत म्हणाले, "झालं! कळवतायत."

परतीच्या वाटेवर सानिका माझ्या गाडीत मागे बसली होती, डोक्यावरून जाकीट ओढून. आइंडहोवन येईपर्यंत तिने ते काढलं नाही. मोहरीलांचा मला आधी कंटाळा यायचा, कधी हसू यायचं. त्या दिवशी पहिल्यांदा चीड आली. तीन वर्षं या माणसाने पोरीची उंची मोजली होती. तिला एकदाही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल हातात धरून ती माझ्या दारात उभी. "मावशी, ब्रेडाची मॅच आहे का तुझ्याकडे? फुल?"

"ती? अगं, त्यात तू पाचवा फाऊल करून बाहेर जातेस."

"तीच."

मी ती पाठवली. तिने ती बाईंना धाडली, खाली दोन ओळी लिहून. काल मी माझ्यासारखी खेळले नाही. माझ्यासारखी खेळते तेव्हा अशी खेळते. मोहरीलांना तिने विचारलं नाही, आणि मेघनानेही विचारायला सांगितलं नाही.

आठवडाभरात बाईंचा फोन आला. मोहरीलांना नाही, सानिकाला. मेघना सांगत होती, की बाईंचा पहिलाच प्रश्न होता, आधीच चार फाऊल झालेले असताना तू त्या मुलीवर उडी का मारलीस? सानिका म्हणाली, "नाहीतर तिने बास्केट केली असती ना." पलीकडून हसण्याचा आवाज आला म्हणे. सगळा खर्च कॉलेजचा. ऑगस्टमध्ये निघायचं.

मेघना हे सांगायला रस्त्यातून पळत आली होती, पायात घरातल्या सपाता. आम्ही दोघी दारातच रडलो.

तासाभरात मंडळाच्या ग्रुपवर मोहरीलांचा संदेश झळकला. पोह्यांची बशी हातात घेतलेल्या बाई, शेजारी ते, आणि खाली: 'आपल्या प्रयत्नांना यश. कळवतो म्हणाल्या होत्या, कळवलं.' अभिनंदनाचा पाऊस पडला. प्रशांत भला माणूस, त्यानेही हात जोडल्याचं चित्र टाकलं.

ऑगस्टमध्ये स्किपोल विमानतळावर मोहरील आमच्याही आधी हजर. हातात हार, गळ्यात शिट्टी. निनादला फोटो काढायला आणलं होतं. त्यांनी सानिकाच्या गळ्यात हार घातला, त्यासाठी तिला पार वाकावं लागलं. मग तिने फोनकडे बघून "थँक यू कोच" म्हणावं असं त्यांनी सुचवलं. ती "थँक यू, काका" म्हणाली. मग आईला मिठी, बाबाला मिठी, भावाच्या डोक्यावर टपली. निघताना ती मोहरीलांसमोर खाली वाकली. मोहरीलांनी तत्परतेने आशीर्वादाचा हात उचलला, डोळेही मिटले. सानिकाने सुटलेली बुटाची नाडी बांधली, बॅग उचलली आणि चालायला लागली. मोहरीलांनी डोळे उघडले तेव्हा ती रांगेत पोचली होती. वर गेलेला हात त्यांनी तसाच हलवून टाटा केला.

परतताना गजभिये मंडळी आणि निनाद प्रशांतच्या गाडीतून गेले. गाडीत आणखी दोघांची जागा नव्हती आणि माझी गाडी दुरुस्तीला होती, म्हणून मी आणि मोहरील ट्रेनने. ट्रेन सुटली. मोहरील म्हणाले, "ताई, प्रशांत सांगत होता ती ब्रेडाची मॅच जरा पाठवा ना मला. मी पाहिलीच नाही ती."

मला नवल वाटलं. खरं सांगते, जरा बरंही वाटलं. मी ती तिथल्या तिथे पाठवली. त्यांनी चष्मा पुसला, फोन दोन्ही हातांत धरला आणि सुरुवातीपासून बघायला लागले. कुठेही पुढे न ढकलता. मी समोर बसून त्यांचा चेहरा बघत होते. सानिका पडली की त्यांच्या भुवया वर जायच्या. ती ओरडली की ते ओठ आवळायचे. मग ती उडी आली. चार फाऊल झालेले, संघाचा प्रशिक्षक बाहेरून सांभाळ म्हणून ओरडतोय, आणि सानिका तरीही झेपावते. चेंडू उडतो, दोघी मुली धाडकन खाली, शिट्टी. सानिका बाहेर जाते, बाकावर बसते, टॉवेल डोक्यावर घेते. मग थोड्या वेळाने टॉवेल फेकून उठते आणि घसा बसेपर्यंत आपल्या मैत्रिणींसाठी ओरडत राहते, संघ हरतो तोवर.

मोहरीलांनी अंगठ्याने ते मागे घेतलं. पुन्हा पाहिलं. पुन्हा मागे घेतलं. मला वाटलं, दिसली. उशिरा का होईना, या माणसाला ती पोरगी दिसली.

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर टॉवेल डोक्यावर घेतलेली सानिका होती.

"ताई, सगळं छान आहे. ही बाहेर जाते तेवढं कापता येईल का हो?"

"सर, अहो, ते बघूनच तर बाईंनी तिला घेतलं."

त्यांनी पुन्हा एकदा फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तरीपण," मोहरील म्हणाले.